नववीच्या वर्गाला एक तासिका पुरत नाही

शनिवार, रात्री

रुग्णालयातल्या वेगवेगळ्या कामांची ओळख नववीच्या मुलांना करून द्यायला आम्ही शाळांत जातो. आज उमरेड तालुक्यातल्या एका शाळेतून संध्याकाळी परत आले. मोठेपणी काय व्हायचं असं विचारलं की मुलं डॉक्टर म्हणतात, मुली नर्स म्हणतात आणि यादी तिथेच संपते. नागपूरची मोठी सरकारी रुग्णालयं, मेडिकल, मेयो, ही नावं सगळ्यांच्या ओळखीची, आता मिहानचं एम्सही. पण तिथे रक्ताचा नमुना कोण तपासतं, डायलिसिसचं मशीन कोण चालवतं, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

म्हणून मी सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारापासून सुरुवात करते. विदर्भात हा आजार घराघरांतला आहे. शाळेत रक्त घ्यायचं नाही, त्यामुळे नळीचे फोटो दाखवते. सोल्युबिलिटी चाचणीत द्रावण गढूळ झालं, मागच्या कागदावरच्या रेघा दिसेनाशा झाल्या, की सिकल हिमोग्लोबिन आहे. पण माणूस वाहक आहे की रुग्ण, हे एवढ्यावरून कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी चाचणी करावी लागते. आज एक मुलगी आपणहून उठली. "माझ्या भावाचं लाल कार्ड आहे, मॅडम." म्हणजे भाऊ सिकलसेलचा रुग्ण. मग भावाची रोजची गोळी, भरपूर पाणी, ताप आला की लगेच दवाखाना, सगळं न अडखळता सांगितलं. मला तिचा फार अभिमान वाटला. हे काम शिकायला तिच्याइतकी तयार मुलगी मी क्वचितच पाहिली असेल.

मात्र "कुणाच्या घरी कार्ड आहे?" असं वर्गात कधीही विचारायचं नाही, हे सोबत येणाऱ्या विद्यार्थ्यांना मी दरवेळी बजावते. गावात त्यावरून लग्नं मोडतात.

तिचे वडील शाळेच्या फाटकाशीच थांबले होते. "लॅबचं शिकून नोकरी लागते का जी? अन् खर्च किती?" प्रश्न अगदी रास्त. अकरावीला विज्ञान घ्यावं लागेल, नर्सिंगची सीईटी वेगळी, फिजिओथेरपीला नीट, हे सांगितलं. आठ लाखांपेक्षा कमी उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी, ईडब्ल्यूएस मुलींना २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क माफ आहे, तेही सांगितलं. जात वैधतेची कागदपत्रं मात्र आत्तापासूनच जमवायला लागा म्हटलं. बारावीनंतर धावपळ करून ती वेळेवर हाती येत नाहीत. गुण असूनही मुली तिथे अडकतात, आणि ते बघवत नाही.

हे सगळं एका तासिकेत कसं मावणार? शाळा बोलावतात त्या जानेवारीनंतर, तेव्हा शिक्षकांना परीक्षांचा घोर. आमच्या तंत्रज्ञांची सकाळ ओपीडीत जाते. वर अहवालात विचारतात किती शाळा झाल्या, किती मुलं बसली. त्यातली किती विज्ञानाला गेली, हा रकानाच नाही.

पुढच्या वर्षी शाळा कमी घेणार. तीच मुलं नववीपासून बारावीपर्यंत भेटली पाहिजेत, आणि त्यांचे आईवडीलही. मुख्याध्यापकांना आत्ताच निरोप पाठवला: पालकसभा कापसाची वेचणी आटोपल्यावर ठेवा, संध्याकाळी ठेवा, मी मुक्कामाला येते.