दिल्ली ते काठमांडू: विमान पावणेदोन तासांचं, हिशेब अख्ख्या दिवसाचा

दिल्लीहून काठमांडू हवेतून जेमतेम ८०० किलोमीटर. दीड-पावणेदोन तासांत विमान पोचतं. पण एका टोकाला चार धावपट्ट्यांचा अवाढव्य विमानतळ, तर दुसऱ्या टोकाला डोंगरांच्या वाटीत बसलेली एकच धावपट्टी. या प्रवासातल्या बहुतेक अडचणींचं मूळ या फरकात आहे. त्यामुळे वेळ धरताना काठमांडूच्या बाजूने धरावी. नेपाळचं घड्याळ आपल्या १५ मिनिटं पुढे असतं, म्हणून तिकिटावर जाताना प्रवास पाव तास लांब आणि येताना तेवढाच आखूड वाटतो. पुढची गाडी किंवा विमान ठरवताना हे विसरू नये.

आधी कागदपत्रं, कारण माणसं परत पाठवली जातात ती इथेच. भारतीय नागरिकांना नेपाळसाठी व्हिसा लागत नाही, पण विमानाने जाताना चालू मुदतीचा पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र हवंच. मूळ कार्ड घ्यावं, झेरॉक्सवर विसंबू नये. आधार कार्डावर प्रौढांना जाता येत नाही. १५ वर्षांखालील मुलं आणि ६५ वर्षांवरील ज्येष्ठ यांना मात्र वय आणि ओळख पटवणारं फोटोचं दुसरं ओळखपत्र चालतं. तिकिटावरचं नाव कार्डाशी जुळतंय ना, हे बुकिंग करतानाच बघावं. कार्डावर माहेरचं आडनाव आणि तिकिटावर सासरचं, हा घोळ आपल्याकडे फार होतो आणि तो चेक-इन काउंटरवर सुटत नाही. नेपाळमधून पुढे तिसऱ्या देशात जायचं असेल तर पासपोर्टला पर्याय नाही.

पुणे-मुंबईहून येणाऱ्यांनी दिल्लीत आपलं देशांतर्गत विमान कुठल्या टर्मिनलवर उतरतंय ते पाहावं. टर्मिनल १ वर उतरलात तर आंतरराष्ट्रीय विमानासाठी टर्मिनल ३ ला रस्त्याने जावं लागतं. दोन तिकिटं वेगवेगळी काढली असतील तर सामान घ्या, बाहेर पडा, पुन्हा चेक-इन करा. मध्ये निदान चार तास ठेवा. चेहरा ओळखून आत सोडणारी डिजियात्रा इथे कामाला येत नाही, ती देशांतर्गत प्रवासासाठी आहे. काउंटर उड्डाणाच्या तासभर, काही कंपन्यांचा सव्वा तास आधी बंद होतो. इमिग्रेशन आणि तपासणीनंतर गेटपर्यंतची चालही लांबलचक आहे. डिसेंबर-जानेवारीत पहाटेचं विमान शक्यतो घेऊच नये. दिल्लीतल्या धुक्यात ते अडकतं, आणि सुटलं तरी सकाळी काठमांडूचं खोरंही धुरकट असतं.

जाताना डावी बाजू घ्यावी, म्हणजे एअरबस ए३२० मध्ये ‘ए’ची रांग. येताना उजवी, ‘एफ’. पंखाच्या पुढची किंवा पार मागची खिडकी निवडा, मधल्या रांगांमधून फक्त पंख दिसतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये हवा स्वच्छ असली की जाताना आधी धौलागिरी, मग अन्नपूर्णेची रांग, मग मनास्लू असा क्रम लागतो. ही शिखरं जवळपास खिडकीच्या पातळीवर, लांबवर पांढऱ्या कडेसारखी उभी असतात. पहिल्यांदा बघणारे पुष्कळदा त्यांना ढगच समजतात. ढगाचा आकार बदलतो, या कडेचा बदलत नाही, एवढी खूण पुरे.

काठमांडूजवळ आलं की विमान घिरट्या घालू लागतं. घाबरू नका. त्रिभुवन विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे १३३८ मीटरवर आहे, भोवती डोंगर. दक्षिणेकडून येणारं विमान महाभारत पर्वतरांग ओलांडून नेहमीपेक्षा जास्त उताराने खोऱ्यात उतरतं. धावपट्टी एकच, त्यामुळे एकामागून एक विमानं रांगेत थांबतात. दृश्यता घसरली तर विमान लखनौ, वाराणसी किंवा परत दिल्लीकडे वळवलं जातं. मार्च २०१५ मध्ये एक मोठं विमान धावपट्टीवरून घसरून अडकलं, तेव्हा आंतरराष्ट्रीय वाहतूक चार दिवस ठप्प होती. म्हणून उतरल्यावर त्याच दुपारी पोखरा किंवा लुक्लाचं विमान जोडू नका. देशांतर्गत टर्मिनल वेगळ्या इमारतीत आहे. मध्ये एक मुक्काम ठेवावा.

उतरताना एअरोब्रिज नसतो, जिना आणि मग बस. आत व्हिसाच्या गर्दीत भारतीयांनी थांबू नये, थेट इमिग्रेशनला जावं. त्यानंतर हातातल्या सामानाचं पुन्हा एक्स-रे होतं. बेल्टवर वेळ जातो. आखाती देशांतून परतणाऱ्या नेपाळी कामगारांच्या दोरीने बांधलेल्या घोंगड्या आणि टीव्हीची खोकी त्याच बेल्टवरून येतात. सामानाची चिठ्ठी जपून ठेवा, बाहेर पडताना ती बॅगेवरच्या चिठ्ठीशी ताडून बघतात. बाहेर प्रीपेड टॅक्सीचा काउंटर आहे, पठाओ आणि इनड्राइव्ह ही ॲपही चालतात. सिम कार्डासाठी नेपाळ टेलिकॉम किंवा एनसेल. भारतीय १०० रुपये म्हणजे नेपाळी १६०, हा दर १९९३ पासून तोच आहे. शंभराच्या आणि त्याहून लहान नोटा न्याव्यात, मोठ्या नोटांवरून वाद होतात.

परतीला तीन तास आधी पोचा. बॅगेत खुकरी असेल तर ती चेक-इनच्याच सामानात हवी, आणि पॉवर बँक हातातल्या. इमिग्रेशननंतर तपासणीला पुरुष आणि महिलांच्या रांगा वेगळ्या असतात. भारतीय कंपन्यांच्या विमानाला मात्र आणखी एक टप्पा असतो. विमानाच्या जिन्याच्या पायथ्याशी प्रत्येकाची झडती आणि हातातल्या पिशव्यांची उघडून पाहणी. २४ डिसेंबर १९९९ ला काठमांडूहून दिल्लीला निघालेल्या इंडियन एअरलाइन्सच्या आयसी ८१४ या विमानाचं अपहरण झालं, त्यानंतर ही पद्धत आली. इथे अवघडलेल्या जागेत, उन्हात किंवा पावसात पिशवी उपसावी लागते. औषधं, चार्जर, लहानसहान वस्तू एका पारदर्शक पिशवीत वर ठेवा, म्हणजे मागची रांग खोळंबत नाही. पावसाळ्यात छत्री किंवा रेनकोट हाताशी असू द्या.