रोमन वाड्याचा तिसरा मजला

क्रोएशियातल्या स्प्लिट शहराच्या बसस्टँडवर उतरलो तेव्हा एक बाई पुठ्ठ्याचा तुकडा छातीशी धरून उभी होती. पुठ्ठ्यावर मार्करने लिहिलेलं, ‘सोबे’. सोबे म्हणजे खोल्या. पूर्वी म्हणे बोटीतून, बसमधून उतरणाऱ्या माणसांभोवती अशा बायकांचा गराडाच पडायचा. आता सगळं मोबाइलवर ठरतं, त्यामुळे ती एकटीच. तिने आधी माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे, मग आईच्या गुडघ्यांकडे, आणि म्हणाली, “रूम. नो स्टेअर्स.”

मी मान हलवून पुढे निघाले. माझं बुकिंग झालेलं होतं. चार रात्री, थेट राजवाड्याच्या आत.

राजवाडा म्हणजे खराखुरा. डायोक्लेशियन हा रोमन सम्राट इथलाच, जवळच्या सलोना शहराकडचा, साध्या घरातून वर आलेला. इ.स. ३०५ मध्ये त्याने आपणहून गादी सोडली आणि समुद्रकाठी बांधलेल्या या वाड्यात येऊन राहिला. पुन्हा राज्य करायला या म्हणून बोलावणं आलं तर ‘मी लावलेला कोबी एकदा बघा, मग बोला’ अशा अर्थाचं उत्तर त्याने पाठवलं म्हणतात. पुढे सातव्या शतकात सलोना उद्ध्वस्त झालं, तिथली माणसं या तटबंदीत आसऱ्याला आली आणि राहिलीच. कुणी सम्राटाच्या दालनात भिंत घालून बिऱ्हाड केलं, कुणी कमान बुजवून दुकान. साधारण २१५ बाय १८० मीटरच्या त्या चौकोनात आज देऊळ आहे, चर्च आहे, बार आहेत, आइस्क्रीमची दुकानं आहेत. आणि तिसऱ्या मजल्यावर आमची खोली होती.

मी म्युनिकला राहते. आई तीन महिन्यांसाठी आली होती, आणि २०२३ पासून क्रोएशिया शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांत, आल्यामुळे तिच्या व्हिसाची वेगळी कटकट उरली नव्हती. मला तिला काहीतरी भारी दाखवायचं होतं. खरं सांगायचं तर मला स्वतःलाच राजवाड्यात राहायचं होतं, आई निमित्त. तीन आठवडे मी रात्री रात्री बसून खोल्या बघत होते. बाहेरची हॉटेलं स्वस्त होती, समुद्राजवळ होती, पण त्यांचे फोटो बघून मला आमच्या ऑफिसची आठवण यायची. मग ही खोली सापडली. दगडी भिंत, लाकडी तुळया, खिडकीत लॅव्हेंडर. अभिप्रायांमध्ये तिघांनी लिहिलं होतं, ‘घराला स्वतःचं व्यक्तिमत्त्व आहे.’ असं कुणी लिहिलेलं दिसलं की आधी पायऱ्या किती ते विचारावं. मी विचारलं नाही. लिफ्टच्या रकान्यात ‘नाही’ असं स्पष्ट लिहिलेलं मी वाचलं होतं, आणि आईला सांगितलं नव्हतं.

आतल्या फरशा चुनखडीच्या दगडाच्या. शेकडो वर्षं पावलांनी घासून इतक्या गुळगुळीत झाल्यात की कोरड्या असून ओल्या वाटतात. आई माझा दंड धरून, बाळंतिणीच्या खोलीत शिरावं तशी जपून पावलं टाकत होती. गल्ल्या अरुंद. देवळाजवळच्या एका बोळाचं नावच ‘पुस्ती मे प्रोच’ आहे, म्हणजे ‘मला जाऊ दे’. समोरून कुणी आलं की एकाने मागे सरायचं. मी मोठ्या उत्साहाने आईला त्याचा अर्थ सांगितला. ती म्हणाली, “पुण्यात नाव देत नाहीत, नुसतं खेकसतात.”

जिना लाकडी, वळणाचा, कठड्याऐवजी भिंतीला बांधलेला दोर. दुसऱ्या वळणावर आई थांबली. मला वाटलं दम लागला. पण ती नाकाने काहीतरी हुंगत होती. ओल, जुनं लाकूड, कुणाच्या तरी घरचा परतलेला कांदा.

“अगं,” ती म्हणाली, “सदाशिव पेठेतला वाडा सोडायला मला बावीस वर्षं लागली. आणि तू पैसे भरून मला परत वाड्यात आणलंस.”

एकूण चौसष्ट पायऱ्या. तिने मोजल्या. पुढच्या दोन दिवसांत मला तो आकडा इतक्यांदा ऐकायला मिळाला की चौसष्ट कलांचं नाव काढलं तरी आता गुडघे दुखतात.

रात्रीचं काय सांगू. दिवसा पेरिस्टिलच्या चौकात लाल झग्यातले नकली रोमन सैनिक फोटोला उभे असतात, ते एक वेळ ठीक. रात्री तिथेच पायऱ्यांवर उशा टाकून लोक बसतात, गिटार, टाळ्या, साडेबारापर्यंत गाणी. मग बार बंद होतात आणि बाहेर पडलेली माणसं बोळात उभी राहून निरोप घेतात. दगडी बोळात कुजबुजसुद्धा कर्ण्यातून आल्यासारखी येते. तीन वाजता चाकांच्या बॅगा सुरू. कुणाचं तरी पहाटेचं विमान असतं. गुळगुळीत दगडावरून प्लॅस्टिकची चाकं जाताना काय आवाज होतो, ते दुपारी मी स्वतः बॅग ओढत आले तेव्हा माझ्या लक्षात आलं नव्हतं. आणि पहाटे घंटा. ज्या चर्चची ती घंटा, ते मुळात डायोक्लेशियनची समाधी. ख्रिश्चनांच्या छळासाठी याचं नाव कुप्रसिद्ध, आणि त्याच्या राजवटीत मारल्या गेलेल्या बिशपाच्या, संत डोम्नियसच्या नावाने आता तिथे प्रार्थना होते. सूड घ्यावा तर असा. फक्त तो पहाटे पहाटे उशाशी वाजू नये.

आई मात्र सकाळी तळघरं बघून खूश झाली. समुद्राच्या बाजूला जमीन उतरती, म्हणून सम्राटाच्या दालनांखाली तशीच्या तशी दालनं बांधून वरचा मजला सपाटीला आणला होता. वरचं बरंचसं मोडलं, पण खालचं टिकलं. का टिकलं, तर नंतर राहायला आलेल्या लोकांनी जमिनीला भोकं पाडून शतकानुशतकं कचरा आणि मैला खाली सोडला. तळघरं गच्च भरली, कुणाला वापरता आली नाहीत, म्हणून मोडलीही नाहीत. गेल्या शतकात ती उपसली तेव्हा कुठे वरच्या महालाचा नकाशा कळला. आई त्या थंडगार कमानीखाली उभी राहून वर बघत म्हणाली, “आमच्या वरच्या बिऱ्हाडातल्या काकू खरकटं पाणी खिडकीतून टाकायच्या. मी उगीच भांडत होते.”

जेवणात तिला ब्लित्वा मिळाला, लसूण आणि ऑलिव्हच्या तेलातली पालेभाजी, बटाटा घालून. “चाकवतात बटाटा घातलाय आणि फोडणी विसरलेत,” असा निकाल देऊन तिने दोन्ही दिवस तोच मागवला.

पण मला लिहायचंय ते दुसऱ्या दुपारबद्दल.

आईने साडी धुतली. प्रवासातही ती रोज साडीच नेसते, सुती पाचवारी, आणि रोज धुते. वाळत कुठे घालायची? खिडकीबाहेर एक कप्पी होती, समोरच्या भिंतीवर दुसरी, दोघींमधून गोल फिरणारी दोरी. कपडे या टोकाला चिमट्याने लावायचे आणि दोरी ओढत राहायची. एकेक कपडा बोळावर सरकत जातो. मी मोबाइलवर फोटो काढत होते, मदत करत नव्हते, हेही कबूल करते. आईने वरची दोरी ओढली, ती अडकली. खालची ओढली, कप्पी मांजर चिरडल्यासारखी ओरडली.

समोरची खिडकी उघडली. माझ्या आईच्याच वयाची एक बाई, फुलाफुलांचा घरगुती झगा, केसांना क्लिप. त्या अख्ख्या बोळात बहुतेक दारांवर निळ्या पाट्या होत्या, अपार्टमेंटच्या, प्रत्येकावर तारे. तिच्या दारावर नव्हती. तिने काही न बोलता हात बाहेर काढला आणि आपल्या बाजूने दोरी धरून झटका दिला. दोरी सुटली. “तिरामोला,” ती दोरीकडे बोट करून म्हणाली. आई म्हणाली, “हो.”

मग साडी निघाली. आई चिमटे लावतेय, ती पलीकडून ओढतेय. बोळ जेमतेम अडीच मीटरचा, साडी पाच वार. पहिलं टोक तिच्या कप्पीपर्यंत पोहोचलं तरी इकडे आईच्या हातात अजून बोचकंभर पिळा. ती बाई थांबली. साडीकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. चादर आहे का, असं काहीसं खुणेने विचारलं. आईने स्वतःच्या अंगावरच्या साडीचा पदर उचलून दाखवला, मग निऱ्यांवर हात फिरवला, मग हाताने कमरेभोवती गोल. ती बाई इतकी हसली की तिला खिडकीची चौकट धरावी लागली. मग दोघींनी मिळून साडीची घडी घातली, एक टोक तिच्याकडे, एक आईकडे, मध्ये तिसऱ्या मजल्याइतकी खोल पोकळी. मी मरायला टेकले होते. आई म्हणाली, “गप्प बस गं, वाड्यात आम्ही रोज गॅलरीतून गॅलरीत असंच करायचो.”

साडी झाली, मग परकर. वाड्याचा नियम असा की परकर साडीच्या आड, म्हणजे दिसू नये. आईने तो साडीमागे टांगला. आणि केस सोडून, ओल्या केसांनी, दार आणि खिडकी दोन्ही उघडी टाकून मध्ये खुर्ची घेऊन बसली. समोरून आरोळी आली, “प्रोपुह! प्रोपुह!” ती बाई मानेवर हात मारून, कान झाकून, दार लावा दार लावा अशा खुणा करत होती. मी मोबाइलमध्ये शोधलं. प्रोपुह म्हणजे आरपार वाहणारा वारा. इकडच्या लोकांना त्याची भयंकर धास्ती, मान धरते, कान दुखतो, सगळं त्यानेच होतं.

“बरोबर सांगतेय ती,” आई दार लावत म्हणाली. “तुला मी पन्नासदा सांगितलं असेल, ओल्या केसांनी वाऱ्यात बसू नये.” वाऱ्यात बसली होती ती, बोलणी मला.

त्या दोघींना मग मी जवळजवळ तासभर तशाच बसलेल्या पाहिलं, आपापल्या खिडकीत. एकीने मटार सोलले. दुसरीने नुसतं बघितलं. बोलणं काहीच नाही, भाषा कुठे होती. खाली बोळातून गटामागून गट जात होते, पुढे छत्री उंच धरलेला गाइड. त्यांच्यातलं कुणी वर बघून हात केला की समोरची बाई ठरलेल्या थंडपणे शेंगेचं साल खाली सोडायची. नेम नव्हता, पण हेतू होता, असं माझं मत आहे.

आता आईचं मन तिथेच रमलं असेल असं वाटेल. अजिबात नाही. रात्री पुन्हा गिटार सुरू झाली, आणि चौसष्ट पायऱ्या चढून आल्यावर तिच्या डाव्या गुडघ्याला सूज दिसत होती. बर्फाची पिशवी धरून ती एवढंच म्हणाली, “ती बसस्टँडवरची बाई काय म्हणाली होती गं?” सकाळी मी एकटी बसस्टँडवर गेले. पाऊण तास थांबले. ती पुठ्ठेवाली आली नाही. मग उरलेल्या दोन रात्रींचे पैसे सोडून दिले आणि बाच्वित्सेच्या किनाऱ्याजवळ एका बिनचेहऱ्याच्या हॉटेलात खोली घेतली. भिंती पांढऱ्या, चित्र एकच, होडीचं. लिफ्ट इतकी मोठी की आई तिच्यातून दोनदा उगीचच वर-खाली करून आली.

ह्वार बेट एका दिवसात पाहिलं. सुंदर आहे, महाग आहे. बाकी वेळ आई किनाऱ्यावर पिसिगिन बघत बसायची. घोटाभर पाण्यात पाच-सहा बाप्ये गोल उभे राहून एक छोटा चेंडू तळहाताने उडवतात, पाण्यात पडू द्यायचा नाही, बस. गुण नाहीत, कुणी जिंकत नाही. पोटं सुटलेले साठीचे लोक त्यासाठी आडवे सूर मारत होते. “कोण जिंकलं?” आई दर पाच मिनिटांनी विचारायची.

निघायच्या दिवशी दुपारी राजवाड्यातून शेवटची चक्कर मारली. आमच्या बोळाच्या तोंडाशी तीसेक माणसं थांबली होती. गाइड वर हात करून त्यांना इंग्रजीत सांगत होती, इथे अजूनही खरी माणसं राहतात, बघा, त्यांचे कपडे. सगळ्यांचे मोबाइल वर. मीही वर पाहिलं. तिसऱ्या मजल्याच्या उंचीवर, बोळाच्या अगदी मधोमध, एकटाच, वाऱ्यावर फुगून आईचा पिवळा परकर वाळत होता. साडी काढताना मागचा राहूनच गेला होता.

“आई, तो बघ.”

आईने एकदा पाहिलं, माझा दंड धरला आणि त्या दुखऱ्या गुडघ्यानिशी अशी काही चालायला लागली की मला तिच्यामागे पळावं लागलं.

“चल लवकर. आपला नाही तो.”