लायसन्स आहे म्हणतात, पण कुणाचं?

तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर लिहिते. "अमक्या अ‍ॅपवर थोडं बिटकॉइन घ्यावं म्हणतोय. त्यांच्याकडे युरोपचं लायसन्स आहे असं लिहिलंय. खरं आहे का, हे बघायचं कसं?" मी नेदरलँड्समध्ये कम्प्लायन्सचं, म्हणजे कंपनी नियम पाळते का हे बघण्याचं काम करते, त्यामुळे इथे नव्याने आलेली आपली मंडळी हा प्रश्न हमखास माझ्याकडे घेऊन येतात.

लायसन्स कंपनीला मिळतं, अ‍ॅपला नाही. एकाच नावाच्या, एकाच लोगोच्या मागे तीन-चार देशांतल्या तीन-चार वेगळ्या कंपन्या असू शकतात. त्यातल्या एकीकडे परवाना असतो आणि तुमचा करार भलत्याच कंपनीशी होतो. म्हणून मी सगळ्यांना आधी अ‍ॅपच्या अटी आणि शर्ती उघडायला लावते. सुरुवातीलाच कुठेतरी लिहिलेलं असतं की हा करार तुम्ही आणि अमुक कंपनी यांच्यात होत आहे. ते नाव शेवटच्या 'बी. व्ही.', 'जीएमबीएच', 'लिमिटेड' अशा कंपनीचा प्रकार सांगणाऱ्या शब्दांसकट उतरवून घ्या, पत्ताही घ्या. कंपनीचं नावच सापडत नसेल तर तिथेच थांबा. पत्ता सेशेल्सचा किंवा ब्रिटिश व्हर्जिन बेटांचा असेल तरी थांबा. कारण युरोपचा नियम स्पष्ट आहे: कंपनीचं नोंदणीकृत कार्यालय युरोपियन युनियनमधल्या देशात हवं, तिचा कारभार तिथूनच चालायला हवा आणि निदान एक संचालक युनियनचा रहिवासी हवा.

बायबिट या क्रिप्टो खरेदी-विक्रीच्या मंचाचं उदाहरण देते, म्हणजे मुद्दा कळेल. व्हिएन्नातल्या 'बायबिट ईयू जीएमबीएच' या कंपनीला ऑस्ट्रियाच्या एफएमए या नियामकाने मे २०२५ मध्ये परवाना दिला. तिची साइट 'डॉट ईयू'वर आहे. जगभर चालणारी 'डॉट कॉम'वाली बायबिट ही वेगळी बाब, तिला हा परवाना लागू होत नाही. नाव एकच, रंग एकच, पण कायद्याच्या दृष्टीने तुम्ही कुठल्या दारातून आत गेलात यावर सगळं अवलंबून.

आता कायद्याबद्दल. मिका नावाने ओळखला जाणारा हा युरोपियन कायदा २०२३ मध्ये झाला आणि क्रिप्टो सेवा देणाऱ्या कंपन्यांना ३० डिसेंबर २०२४ पासून लागू झाला. त्याआधी प्रत्येक देशाची आपापली नोंदणी होती. नेदरलँड्समध्ये ती डी नेदरलँड्से बँकेकडे, म्हणजे इथल्या मध्यवर्ती बँकेकडे करावी लागे आणि तिचा रोख मुख्यतः काळा पैसा रोखण्यावर होता. ग्राहकाचे पैसे कसे सांभाळता, हे त्यात फारसं कुणी तपासत नव्हतं. तरीही "आम्ही नोंदणीकृत आहोत" हे वाक्य मोठ्या अक्षरांत झळकायचं. दुसरीकडे, नाव मोठं म्हणजे कागदपत्रं ठीक असंही नाही. नोंदणी न करताच इथे सेवा दिल्याबद्दल याच बँकेने बायनान्स आणि कॉइनबेस या दोन्ही बड्या क्रिप्टो कंपन्यांना प्रत्येकी तेहतीस लाख युरोंच्या आसपास दंड केला होता. कॉइनबेसने पुढे लक्झेंबर्गमधून रीतसर मिकाचा परवाना घेतला, बायनान्सने २०२३ मध्ये नेदरलँड्समधून काढता पाय घेतला.

जुन्या नोंदणीवर चालणाऱ्या कंपन्यांना परवाना मिळेपर्यंत काही मुदत दिली गेली आणि ती देशागणिक वेगळी होती. नेदरलँड्सने सहाच महिने दिले, जर्मनीने बारा, फ्रान्सने पूर्ण अठरा. कुठल्याही देशासाठी शेवटची सीमा १ जुलै २०२६. त्यामुळे जुनं नोंदणीपत्र दाखवून कुणी विश्वास संपादन करू पाहत असेल, तर त्यावरची तारीख आधी बघा.

खरी तपासणी होते ती एस्माच्या, म्हणजे पॅरिसमधल्या युरोपियन सिक्युरिटीज अँड मार्केट्स ऑथॉरिटीच्या यादीत. परवाना देतं प्रत्येक देशाचं स्वतःचं नियामक मंडळ: नेदरलँड्समध्ये एएफएम, जर्मनीत बाफिन, फ्रान्समध्ये एएमएफ, आयर्लंडमध्ये तिथली मध्यवर्ती बँक. पण सगळ्यांची माहिती एस्माकडे एकत्र जमा होते आणि कुणालाही फुकट बघता येते. तिथे तुम्ही उतरवलेलं कंपनीचं पूर्ण नाव शोधा. नाव सापडलं की लोक सुटकेचा निःश्वास टाकतात आणि फाइल बंद करतात. कृपा करून तसं करू नका, महत्त्वाचं पुढेच आहे.

त्याच ओळीत कंपनीची वेबसाइट दिलेली असते. ती तुमच्या ब्राउझरमधल्या पत्त्याशी अक्षर-न्-अक्षर जुळवा. फसवणारे लोक हल्ली खोटी कंपनी उभी करायच्या भानगडीत पडत नाहीत. ते खऱ्या कंपनीचं नाव, तिचा खरा परवाना, तिचा वीस अक्षर-अंकी एलईआय क्रमांक (कंपनीची जागतिक ओळख सांगणारा) सगळं उचलतात आणि फक्त साइट स्वतःची लावतात. यादीत नाव शोधलं तर ते सापडणारच. फरक त्या एका पत्त्यात असतो. एखाद्या 'रिलेशनशिप मॅनेजर'ने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या परवान्याच्या पीडीएफची किंमतही म्हणूनच शून्य आहे.

मग सेवा बघा. मिकामध्ये दहा सेवा आहेत: क्रिप्टो सांभाळणं, खरेदी-विक्रीचा मंच चालवणं, युरो घेऊन क्रिप्टो देणं, सल्ला देणं वगैरे. परवाना या सेवांनुसार मिळतो. फक्त सल्ल्याचा परवाना असलेल्या कंपनीला किमान भांडवल ५०,००० युरो लागतं, तुमची क्रिप्टो नाणी सांभाळणारीला १,२५,०००, मंच चालवणारीला १,५०,०००. तेव्हा सल्ल्याचा परवाना दाखवून कुणी तुमची नाणी स्वतःकडे ठेवून घेत असेल, तर ते बेकायदा आहे. तुम्ही राहता तो देश तिच्या परवानगीच्या देशांत आहे का आणि परवाना संपल्याची तारीख तर टाकलेली नाही ना, हेही तिथेच दिसतं. नियम मोडणाऱ्यांची वेगळी यादी एस्मा ठेवते. त्यात नाव असेल तर विषय संपला, पण नसेल तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. नियामकाला अजून पत्ता न लागलेल्या कंपन्या त्यात कशा असणार?

एका गोष्टीची मला मनापासून काळजी वाटते. खातं उघडताना काही ठिकाणी एक चौकट येते: "मी स्वतःहून, कोणत्याही जाहिरातीशिवाय या सेवेकडे आलो आहे." आपण बाकीच्या चौकटींसारखी तीही टिक करून मोकळे होतो. युरोपबाहेरच्या कंपनीला परवान्याशिवाय सेवा देण्याची एकच फट कायद्यात आहे: ग्राहक पूर्णपणे स्वतःच्या पुढाकाराने आला असेल तर. ती चौकट म्हणजे ही फट तुमच्या सहीने उघडायचा प्रयत्न. कायदा इथे ग्राहकाच्या बाजूने आहे. कंपनीने किंवा तिच्या वतीने कुणी, मग तो यूट्यूबवाला असो की ग्रुपवर रेफरल लिंक टाकणारा ओळखीचा दादा, तुम्हाला ओढून नेलं असेल, तर करारात काहीही लिहिलेलं असलं तरी तो तुमचा पुढाकार धरला जात नाही. पण हे तुम्हाला सिद्ध करावं लागेल ते पैसे गेल्यानंतर, दूरदेशीच्या कंपनीविरुद्ध. अशी चौकट दिसली की याचा अर्थ सरळ घ्या: या कंपनीकडे इथला परवाना नाही आणि तिला ते माहीत आहे.

परवाना असला तरी त्याने काय मिळत नाही, हेही सांगायला हवं. बँकेतल्या ठेवींना इथे एक लाख युरोंपर्यंत हमी असते, क्रिप्टोला तशी कुठलीही हमी नाही. नाणी सांभाळणाऱ्या कंपनीच्या चुकीने ती गेली तर भरपाईची जबाबदारी तिच्यावर येते, भाव पडला तर कुणावरच नाही. आणि नाणी उधार देऊन व्याज मिळवण्याच्या योजना मिकाच्या कक्षेत येत नाहीत, पण त्याच अ‍ॅपमध्ये, त्याच परवान्याच्या बोधचिन्हाखाली शेजारी-शेजारी मांडलेल्या दिसू शकतात. जुलै २०२५ मध्ये एस्माने कंपन्यांना याबद्दल जाहीर ताकीद दिली होती. म्हणून मी विचारते, अ‍ॅपमध्ये नक्की कुठलं बटण दाबणार आहात?

नागपूर-नाशिकहून नातेवाईकही हेच विचारतात, त्यांना माझं उत्तर वेगळं आहे. युरोपचा परवाना तुमचं तिथे रक्षण करत नाही. भारतातल्या ग्राहकाचा करार बहुधा गटातल्या दुसऱ्याच कंपनीशी असतो. भारतात मार्च २०२३ पासून या कंपन्या मनी लाँडरिंगविरोधी कायद्याखाली आल्या आणि त्यांना एफआययूकडे, म्हणजे सरकारच्या फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटकडे नोंदणी करावी लागते. ती नोंदणी आहे का हे जरूर बघा, पण ती आमच्याकडच्या जुन्या नोंदणीच्या जातकुळीतली आहे, गुंतवणूकदाराच्या संरक्षणाचा परवाना नव्हे.

एवढं करूनही शंका उरली तर तुमच्या देशाच्या नियामकाला विचारा. संपर्क त्यांच्याच साइटवरून घ्या, अ‍ॅपवाल्याने दिलेला नको. आणि पैसे आधीच अडकले असतील तर थोडी रक्कम काढून बघा. ती काढायला आधी 'कर' किंवा 'शुल्क' भरा असं सांगितलं, तर एक युरोही पाठवू नका, पोलिसांत तक्रार करा. त्यानंतर एस्माच्या नावाने, एस्माच्या लेटरहेडवर "तुमचे पैसे परत मिळवून देतो" असा मेल येण्याची शक्यता धरून चाला. एस्मा सामान्य माणसाला अशी पत्रं पाठवत नाही आणि पैसे तर कधीच मागत नाही.