कंपालातील प्रयोगशाळेतला एक दिवस

आज दिवसभर युगांडाची राजधानी कंपाला इथल्या प्रयोगशाळेत स्तनाच्या गाठींच्या स्लाइड्स तपासत होते. दुधाच्या नलिकेला आतून पेशींचे दोन थर असतात. कर्करोग नलिकेतच असेपर्यंत बाहेरचा थर टिकून राहतो, आणि तो ओलांडून रोगट पेशी भोवतीच्या ऊतींमध्ये शिरल्या की रोग आक्रमक ठरतो. त्याआधीच्या टप्प्यावरची स्लाइड इथे क्वचितच हाती येते, कारण बहुतेक स्त्रिया गाठ बरीच वाढल्यावरच येतात. आजची सर्वांत तरुण रुग्ण ३४ वर्षांची होती.

‘आफ्रिकी स्त्रियांचा कर्करोग’ असे सरसकट बोलणे मला खटकते. घानातील एका अभ्यासात सुमारे निम्म्या गाठींमध्ये इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन आणि हर-टू हे तिन्ही रिसेप्टर (पेशींना वाढीचे संदेश पोहोचवणारी प्रथिने) आढळले नाहीत, तर इथिओपियातील स्त्रियांत हे प्रमाण त्याहून बरेच कमी होते. शिवाय ऊतीचा तुकडा वेळेत फॉर्मॅलिनमध्ये (ऊती टिकवणाऱ्या द्रावणात) पडला नाही, तर असलेले रिसेप्टरही चाचणीत ‘नाहीत’ असे दिसू शकतात (शस्त्रक्रिया विभागाशी माझे वाद होतात ते नेमके यावरूनच), आणि ज्या स्त्रीला इस्ट्रोजेन रिसेप्टर असलेल्या गाठींवर चालणाऱ्या टॅमॉक्सिफेनच्या गोळ्यांचा उपयोग झाला असता, तिला त्या मिळतच नाहीत.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ मध्ये सुरू झालेल्या स्तनकर्करोग उपक्रमात रुग्ण प्रथम आल्यापासून ६० दिवसांत निदान व्हावे, असे उद्दिष्ट आहे. संध्याकाळी निघताना नव्याने आलेल्या पाच डब्या पाहिल्या. तीनवर नमुना फॉर्मॅलिनमध्ये टाकल्याची वेळ लिहिली होती. मागच्या महिन्यात एकाही डबीवर ती नसायची.