टायपिंगचं सॉफ्टवेअर लिहिताय? स्टिकी कीज जपून हाताळा

लातूर, परभणी, नांदेडकडच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये 'कीबोर्ड गेला' अशी ओरड होते, तेव्हा कीबोर्ड कधीकधी धडधाकट असतो. नवशिका विद्यार्थी उजवं शिफ्ट दाबून धरतो आणि अक्षर शोधत बसतो. 8 सेकंद झाले की फिल्टर कीज (चुकून किंवा क्षणभरच दाबलेली बटणं सोडून देणारी सोय) चालू करायचं का, असं विंडोज विचारतं. विद्यार्थ्याची नजर कागदावर. चुकून 'हो' झालं की मूळ सेटिंगप्रमाणे बटण 1000 मिलिसेकंद दाबून धरल्याशिवाय अक्षर उमटत नाही. मिनिटाला 30 शब्द, शब्दाला 5 ठोके धरले तर एका ठोक्याला मिळतात 400 मिलिसेकंद. मग काय, नवा कीबोर्ड येतो!

म्हणून फिल्टर कीज आणि तशीच दुसरी सोय, स्टिकी कीज, काढूनच टाकू नका. एका हाताने टाईप करणाऱ्याला स्टिकी कीज लागतातच, कारण त्यात शिफ्टसारखं बटण धरून न ठेवता आधी ते आणि मग अक्षर असं एकामागोमाग दाबता येतं. बंद करायचा तो फक्त शॉर्टकट (फिल्टरसाठी उजवं शिफ्ट धरून ठेवणं, स्टिकीसाठी शिफ्ट लागोपाठ पाचदा दाबणं).

सॉफ्टवेअर सुरू होताना सिस्टिमपॅरामीटर्सइन्फो (SystemParametersInfo) हे विंडोजचं फंक्शन 58 क्रमांकाने बोलवा आणि स्टिकी कीजची सध्याची स्थिती जपून ठेवा (फिल्टर कीजसाठी 50). ही स्थिती ज्या स्ट्रक्चरमध्ये येते त्याचा आकार आधी त्याच्या पहिल्या रकान्यात भरावा लागतो: स्टिकीसाठी 8 बाइट, फिल्टरसाठी 24. तो राहिला की फंक्शन अपयशी ठरतं, आणि परतीचं उत्तर तपासलं नसेल तर कुणाला पत्ताही लागत नाही.

आता त्याच स्ट्रक्चरच्या दुसऱ्या रकान्यातल्या फ्लॅगमधला (चालू-बंद खुणांचा आकडा) 1 चा बिट बघा. तो लागलेला असेल तर सोय कुणीतरी मुद्दाम चालू ठेवलेली आहे. हात लावू नका. नसेल तरच 4 आणि 8 चे बिट काढून 59 ने (फिल्टरसाठी 51 ने) परत लिहा. बाहेर पडताना जपलेली स्थिती जशीच्या तशी परत ठेवा.

खरी मेख शेवटच्या पॅरामीटरमध्ये आहे. तिथे 0 द्या. 1 दिला तर बदल रजिस्ट्रीत (विंडोज सेटिंग्ज साठवतं तिथे) कायमचा जातो. आपल्याकडे लाइट कधी जाईल याचा नेम नाही. मधेच मशीन बंद पडलं तर मूळ स्थिती परत ठेवायची राहून जाते, आणि पुढच्या वेळी सॉफ्टवेअर त्या बिघडलेल्या स्थितीलाच 'मूळ' समजून जपतं. 0 दिला असेल तर मशीन पुन्हा सुरू झाल्यावर सगळं पूर्ववत.

हात थरथरणाऱ्यांसाठी फिल्टर कीजमध्येच बाउन्स कीज आहेत: ठरलेल्या वेळात तेच बटण पुन्हा दाबलं तर ते मोजलं जात नाही. पण 500 मिलिसेकंद ठेवले तर भराभर टाईप करताना 'ममता'तला दुसरा म गळतो. 200 पासून सुरू करून हळूहळू वाढवा. बाउन्स आणि स्लो कीज (वर आलेली, बटण दाबून धरायला लावणारी) दोन्ही एकदम चालत नाहीत, एकाची वेळ 0 हवी.

सॉफ्टवेअर न लिहिता हातानेच करायचं तर रजिस्ट्रीत चालू युजरच्या कंट्रोल पॅनेल, ॲक्सेसिबिलिटी, स्टिकीकीज इथे फ्लॅग्जची किंमत 510 ची 506 करा. ती स्ट्रिंगच (मजकूर) राहू द्या, डीवर्ड (संख्येचा प्रकार) करू नका. मग साइन आउट करून परत या, त्याशिवाय फरक दिसत नाही. हे युजरपुरतंच असतं. लॅबमध्ये प्रत्येकाचं खातं वेगळं असेल तर प्रत्येक खात्यात करावं लागेल.