वरच्या खोलीचं भूत २२ मीटरवर सापडलं, आणि अण्णांची माफी मागून झाली

सापडलं! पाच आठवडे झोप उडवणारं ते भूत गेल्या आठवड्यात एका दुपारी १ वाजून ४० मिनिटांनी सापडलं. मी तेव्हा घरात नव्हतोच. सोलापूरच्या नवी पेठेतल्या दुकानात गिऱ्हाईकाला नॅपकिनचे डझन मोजून देत होतो. सात डझन झाले की आठ, ते विसरलो आणि पुन्हा पहिल्यापासून मोजले.

मागचं वाचलेल्यांना माहीत आहेच. नव्यांसाठी: आमच्या घरी लॅन पार्टी भरते, म्हणजे मित्र आपापली मशीन घेऊन येतात आणि काही वरच्या खोलीत, काही खाली बसून एकाच नेटवर्कवर गेम खेळतात. जिन्याखालच्या रॅकमधून गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत एकच केबल जाते, ३८ मीटर. रात्री बघावं तर १ गिगाबिट, वेग मोजणाऱ्या आयपर्फवर ९४० मेगाबिट. दुपारी साडेबारा वाजले की लिंक १०० वर येणार, मग गायब होणार, मग पुन्हा १००. संध्याकाळी साडेसहानंतर कुणी हात न लावता परत १ गिगाबिट. जणू तीसुद्धा दुपारची वामकुक्षी घेते.

'गेम खेळायला १०० मेगाबिट बक्कळ झाले की' असं मागच्या वेळी दोघातिघांनी सुनावलं होतं. बरोबर आहे. काउंटर-स्ट्राइक १.६ ला तर त्याचा एक कोपराही लागत नाही. आकडा खाली येण्याचं दुःख नव्हतंच, लिंक पडण्याचं होतं. दोन सेकंद लिंक पडायची आणि वरच्या खोलीतले सगळे तीस सेकंद गोठायचे. स्क्रीनवर 'कनेक्शन प्रॉब्लेम' आणि उलटे मोजणारे आकडे. खालचे आरामात वर जाऊन गोठलेल्यांना टिपतात आणि वरून शिव्या ऐकू येतात. आता दोनाचे तीस कसे झाले, हे वेगळंच प्रकरण. त्याचं उत्तर आधी सापडलं, म्हणून ते आधी उरकतो.

रॅकमधला जुना मॅनेज्ड स्विच, म्हणजे आतली सेटिंग बदलता येणारा, पुण्यात तापकीर गल्लीत हुडकून आणलेला आहे. त्यात स्पॅनिंग ट्री चालू होतं, तेही जुन्या पद्धतीचं. लूप होऊ नये, म्हणजे डेटा नेटवर्कमध्ये गोल गोल फिरत राहू नये, म्हणून हा गडी पोर्ट उठला की लगेच ट्रॅफिक सोडत नाही. १५ सेकंद नुसता कानोसा घेतो, मग १५ सेकंद पत्ते शिकतो, मग दार उघडतो. म्हणजे केबलनं एकदा डोळा मिचकावला की अर्धा मिनिट दंड! जुनं काढून रॅपिड स्पॅनिंग ट्री लावलं आणि वरच्या खोलीचा पोर्ट एज, म्हणजे न थांबता लगेच ट्रॅफिक सोडणारा, म्हणून ठेवला. गोठणं दोन-तीन सेकंदांवर आलं. स्पॅनिंग ट्री सरसकट बंद करा असा सल्ला काही जण देतात, त्यांना माझा नमस्कार. दिवाळीत कुणीतरी एकाच पॅच कॉर्डची दोन्ही टोकं त्याच स्विचमध्ये खोचली होती आणि सगळं नेटवर्क आडवं झालं होतं, ते मी विसरलेलो नाही. तो 'कुणीतरी' हे वाचतोय.

रोग मात्र तसाच होता. त्यासाठी मी काय काय केलं ते सांगतो, हसू नका. दोन्हीकडचे पॅच कॉर्ड बदलले. टोकं कापून पुन्हा क्रिम्प केली, दोनदा. वरचा स्विच बदलला. मग वाटलं, उन्हाचाच त्रास असणार. घरगुती स्विचवर चाळीस अंशांपर्यंतच चालवा असं लिहिलेलं असतं आणि आमच्या पत्र्याखाली मे महिन्यात चाळीस म्हणजे सकाळचा गारवा. स्विचला पंखा लावला, खाली ओलं गोणपाट टाकून स्टुलावर ठेवला. आईनं विचारलं, 'याला आता सरबत पण देऊ का?' फरक शून्य.

मग संशय गेला शेजारच्या मागांवर. आम्ही राहतो पूर्व भागात. भिंतीपलीकडे अण्णांचा कारखाना, दिवसभर खटखट खटखट. मोटारी सुरू-बंद होताना आमचे दिवे पापणी लववतात, तेव्हा केबलमध्ये नॉइज येत असणार हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं. नॉइज अडवणारे फेराइटचे मणी आणून दोन्ही टोकांना माळ घातल्यासारखे घातले. विजेच्या वायरीपासून केबल हातभर लांब केली. तरी नाही. शेवटी अण्णांकडे जाऊन अर्थिंग तपासून घ्या म्हणून सांगितलं, आणि बोलता बोलता आवाज जरा चढला, खोटं कशाला बोलू.

अण्णा शांतपणे म्हणाले, 'काल सुट्टी होती कारखान्याला. काल चाललं का तुझं?'

चाललं नव्हतं. काल तर सर्वांत जास्त पडलं होतं, लॉगमध्ये १७ वेळा. आणि त्यांचे माग रात्रपाळीलाही चालतात, तेव्हा माझी लिंक ठणठणीत असते. हे मला पाच आठवड्यांत सुचलं नाही, अण्णांना एका घोटात सुचलं. मान खाली घालून परत आलो.

जिन्यात बसलो तेव्हा टेस्टरचा विचार डोक्यात आला. मी दुकानातून येतो रात्री नऊला. जेवतो, मग टेस्टर घेऊन बसतो. आठही दिवे एकापाठोपाठ एक, एक नंबर. क्रिम्पिंग रात्री, टेस्टिंग रात्री. रोगी दुपारी तापाने फणफणतोय आणि डॉक्टर रोज रात्री ताप उतरल्यावर येऊन म्हणतोय, काही नाही झालेलं याला!

मॅनेज्ड स्विचमध्ये केबल डायग्नोस्टिक, म्हणजे केबल तपासायची सोय, असतं, त्याचा वापर आपल्यातले किती जण करतात? मी रात्री एकदा केला होता, 'ओके' दिसलं आणि विसरलो. केबलमध्ये तारांच्या चार जोड्या असतात, स्विच प्रत्येक जोडीत एक छोटा पल्स सोडतो. तार कुठे तुटलेली असेल तर तिथून तो परत फिरतो, आणि जायला-यायला लागलेल्या वेळावरून अंतर निघतं. केबलमध्ये सिग्नल प्रकाशाच्या साधारण दोन तृतीयांश वेगानं धावतो, म्हणजे मीटर-दोन मीटर इकडेतिकडे होणार, पण दिशा कळते. बाहेरून घरच्या नेटवर्कमध्ये शिरायला वायरगार्ड आहेच. त्या दिवशी दुकानात बसून फोनवरून स्विच उघडला, दीड वाजून गेल्याची खात्री केली आणि बटण दाबलं.

जोडी एक ओके. जोडी दोन ओके. जोडी तीन ओके. जोडी चार: ओपन, २२ मीटर.

जोडी चार म्हणजे तपकिरी, पिन सात आणि आठ. इथे सगळी गणितं जुळली. १०० मेगाबिटला फक्त नारिंगी आणि हिरवी जोडी लागते, पिन एक, दोन, तीन, सहा. गिगाबिटला चारही लागतात. तपकिरी सुटली की दोन्ही टोकं आधी गिगाबिटचा हट्ट धरतात, जमत नाही म्हटल्यावर १०० वर समेट करतात. तीच जोडी मध्येच चिकटते, मध्येच सुटते, म्हणून उठाबशा.

रविवारी भर दुपारी टेप घेऊन रॅकपासून केबलच्या मार्गानं मोजत गेलो. बावीस मीटर म्हणजे पश्चिमेच्या भिंतीवर, सोलर हीटरचा पाइप खाली उतरतो तिथे. पीव्हीसी पाइपचं बेंड उघडलं. आत काळ्या टेपचा गोळा! सोडवला तर आठही तारा एकमेकींना पीळ देऊन बांधलेल्या. सोल्डर नाही, कनेक्टर नाही, काही नाही. शेवयांच्या गुंडाळीसारखं.

पप्पांना दाखवलं. म्हणाले, 'हां, ते सोलरवाल्याकडून कापलं गेलं होतं. पण लगेच जोडून दिलं की त्यानं.' दोन वर्षांपूर्वी! आणि मला कुणी सांगितलं नाही, कारण 'टीव्ही तर लागत होता'.

आता गंमत बघा. ही केबल मी तेव्हा स्वस्तात घेतलेली, खोक्यावर ठळक अक्षरात कॅट ६, आणि कडेला बारीक अक्षरात सीसीए. म्हणजे आत ॲल्युमिनियम, वरून तांब्याचा मुलामा. ब्लेडनं खरवडलं की आतून चंदेरी दिसते. ॲल्युमिनियम तांब्याच्या साठेक टक्केच वीज वाहतं. पण इथे खरा घात केला तो दुसऱ्या दोन गुणांनी. उघड्या ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर चढतो आणि तो थर वीज वाहू देत नाही. शिवाय ते तापल्यावर तांब्यापेक्षा जास्त फुगतं. पश्चिमेचं ऊन, शेजारी हीटरचा पाइप, त्यात पिळाची गाठ. दुपारी गाठ सैल, रात्री गार झाली की परत घट्ट. सोलरवाल्याला शिव्या देऊन झाल्या, पण सीसीए मीच आणलं होतं, हेही लिहून ठेवतो. खोकं उचलल्यावर हलकं लागलं होतं तेव्हाच कळायला हवं होतं. ३०५ मीटर अस्सल तांबं एका हातानं उचलून खांद्यावर टाकता येत नाही.

तात्पुरता इलाज म्हणून गाठ कापली, दोन्ही टोकांना नवे प्लग, मध्ये कपलर, वर वॉटरप्रूफ डबी, आणि सगळं हीटरच्या पाइपपासून दोन फूट बाजूला. तीन दुपारी झाल्या. लॉग रिकामा. काल ऑफिसला दांडी मारून आलेला मित्र म्हणाला, 'काय बे, रिकामं पान बघून एवढं हसतोस?' त्याला काय कळणार.

दरम्यान कॅशचं काम झालंय. जुन्या पीसीत चार टीबीची डिस्क टाकून लॅनकॅश बसवलं, म्हणजे एकदा उतरवलेला गेम घरातच साठवून बाकीच्यांना देणारं सॉफ्टवेअर. ८० जीबीचा गेम आमच्या १०० मेगाबिटच्या लाइनवर एका मशीनला पावणेदोन तास घेतो. बारा मशीन म्हणजे एकवीस-बावीस तास, पार्टी संपून लोक घरी पोचतील. आता पहिलं मशीन उतरवतं आणि पुढचं मशीन एकटंच ओढत असेल तर साधारण बारा मिनिटांत घेतं. सगळ्यांनी एकदम ओढलं तर कॅशच्या एका गिगाबिटमध्ये वाटणी होणार, तेव्हा रांगेत या. डीएनएस, म्हणजे नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणारी सेवा, मात्र आपल्याच राउटरचं ठेवा. ज्यांनी स्वतःच्या मशीनमध्ये बाहेरचं डीएनएस घट्ट बसवलंय त्यांना कॅश दिसणारच नाही आणि ते माझ्या नावानं ओरडतील.

पुढचा बेत असा होता की पुण्याहून येणारा मित्र संध्याकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं सीपीयूबरोबर अस्सल तांब्याची आउटडोअर केबल घेऊन येईल आणि शुक्रवारी ती ओढायची. हे लिहिता लिहिता वाटायला लागलंय, तांबं कशाला? मॅनेज्ड स्विचला फायबर जोडायचे दोन एसएफपी पोर्ट आहेत, घेतल्यापासून धूळ खात पडलेत. त्याच पाइपातून फायबर ओढली तर उन्हाचा प्रश्न नाही, मागांचा नाही, आणि वळवाच्या पावसात वीज कडाडली की गच्चीवरून रॅकपर्यंत येणारी धातूची वाटच उरत नाही. वरच्या स्विचला एसएफपी नाही, तिथे फायबरचं तांब्यात रूपांतर करणारा मीडिया कन्व्हर्टर लागेल. फक्त ड्रॉप केबल, म्हणजे घरापर्यंत आणायची बारीक फायबर, घेताना आधाराला स्टीलची तार असलेली नको, नाहीतर विजेला तीच वाट होईल. आधाराला काच-प्लास्टिकचा दांडा असलेली घ्यायची. फायबरचं हिरवं (तिरकं घासलेलं) आणि निळं (सरळ घासलेलं) टोक एकमेकांत घुसवू नका हेही मीच मला सांगून ठेवतो. मित्राला आत्ताच फोन केला. म्हणाला, 'सकाळी तांबं सांगितलंस, दुपारी काच. संध्याकाळी काय सोनं?' तर तांबं रद्द.

विजेचंही बघायला हवं. मागच्या वेळी वरच्या खोलीचा १६ अँपिअरचा एमसीबी दोनदा पडला होता. मशीन आणि मॉनिटर मिळून ४०० वॅट धरले तर बाराचे ४८०० होतात, म्हणजे २३० व्होल्टला जवळजवळ २१ अँपिअर, आणि कूलर वेगळाच. सात मशीन वर, पाच खाली हॉलमध्ये, दोन वेगळ्या सर्किटवर. कुणीही एक्स्टेंशनला एक्स्टेंशन जोडायचं नाही. ड्रीमहॅक या मोठ्या लॅन पार्टीची सुरुवात १९९४ साली स्वीडनमधल्या मालुंगला एका शाळेच्या तळघरात झाली होती. तळघर! स्वीडनमधलं! आणि आपण पत्र्याखाली, मे महिन्यात. म्हणून यंदा सामने रात्री दहानंतरच, दुपारी फक्त कॅश भरायची.

काल संध्याकाळी अण्णांकडे जाऊन आलो. बरोबर आईनं दिलेली शेंगाचटणी आणि कडक भाकरी होती. बावीस मीटरची गोष्ट सांगितली, ते पोट धरून हसले. मग गंभीर होऊन म्हणाले, 'आमच्याकडं मोजणीच्या काउंटरचं बी असंच हाय बघ. दुपारी दोन माग चुकतात, रात्री नीट. एकदा येऊन बघशील?'

मंगळवारी दुपारी जातोय. टेस्टर घेऊन, दीड वाजता.