व्हांगामोमोना: 63 किमी म्हणजे तासाभराचा रस्ता समजू नका

न्यूझीलंडमधलं स्ट्रॅटफर्ड ते व्हांगामोमोना हे छोटं गाव, 63 किमी. मोबाइलने तासाभराचा रस्ता दाखवला, मोटरहोम (राहण्या-झोपण्याची सोय असलेली गाडी) भाड्याने देणाऱ्याच्या काउंटरवरही "आरामात जाल" असं सांगितलं. आम्हाला दोन तास दहा मिनिटं लागली आणि धाकटी दोनदा ओकली. म्हणून हे लिहितोय.

हा राज्य महामार्ग 43, स्ट्रॅटफर्डहून टाउमारुनुईला जाणारा, जवळपास 150 किमीचा. महामार्ग या शब्दावर जाऊ नका. गावाआधी तीन खिंडी आहेत: स्ट्रॅथमोर, पोहोकुरा आणि व्हांगामोमोना. पहिल्या दोन निभावल्या. तिसरीने घाम काढला. वळणं इतकी आवळलेली की आमची 7 मीटरची गाडी मधल्या रेषेवर जायचीच, आणि नेमक्या अशाच एका वळणावर समोरून मेंढ्यांनी भरलेला ट्रक आला. वरंधा घाट मी कितीदा चालवलाय, पण तेव्हा मागे भांडी, पाण्याची टाकी आणि गॅसचा सिलिंडर हिंदकळत नव्हता. सहा जणांची गाडी असेल तर इकडे येऊच नका. चौघांची कशीबशी चालते, लहान व्हॅन उत्तम. कपाटांच्या कड्या नीट लावा, उतारावर खालचा गिअर ठेवा, मागे गाड्या साचल्या की बाजूला घेऊन त्यांना जाऊ द्या. अंधारात तर नकोच.

डिझेल आणि पाणी स्ट्रॅटफर्डलाच भरा, टॉयलेटची टाकीही तिथेच रिकामी करा. टाउमारुनुईपर्यंत पंप नाही. रेंज बहुतेक ठिकाणी जाते, नकाशा आधीच उतरवून ठेवा.

गाव म्हणजे एक रस्ता, एक जुनं हॉटेल, थोडी लाकडी घरं आणि चहूकडे मेंढ्यांची कुरणं. 1989 मध्ये सरकारी सीमा बदलल्या आणि हे गाव तारानाकीतून काढून शेजारच्या प्रदेशात टाकलं गेलं. त्याच्या निषेधात लोकांनी आपलं 'प्रजासत्ताक' जाहीर केलं. पुढे बिली गमबूट नावाचा बोकडही तिथे अध्यक्ष झाला! हॉटेलात पासपोर्टवर शिक्का मारून देतात. आपल्या भारतीय पासपोर्टवर तो घेऊ नका, उगाच पुढच्या विमानतळावर प्रश्न नकोत. वहीत घ्या.

शाकाहारी असाल तर शिधा सोबत हवाच. आम्ही मेतकूट-भात खाल्ला आणि गाडीतच आडवे झालो. इतका शांत काळोख मी लहानपणी आजोळी पाहिला होता, त्यानंतर इथेच. ही एक रात्र त्या घाटाचे सगळे कष्ट फेडते. सकाळी पुढच्या टाहोरा खिंडीची हिंमत झाली नाही, आल्या वाटेने परतलो. न्यू प्लिमथचे दोन दिवस छान गेले.

चीड आली ती गाडी परत करताना. इथे डिझेलच्या गाडीवर किलोमीटरनुसार रस्त्याचा कर असतो. 3.5 टनांपर्यंतच्या गाडीला सरकारी दर 1000 किमीला 76 डॉलर. पूर्ण सहलीत आमचे 2,150 किमी झाले, म्हणजे साधारण 163 डॉलर. लावले 210! विचारलं तर वरचे पैसे 'प्रक्रिया शुल्क', करारात बारीक अक्षरांत लिहिलेलं. भाड्याची तुलना करताना हा आकडा धरूनच करा. किल्ली हातात घेण्याआधी कंपनी 100 किमीला हा कर किती लावते ते लेखी मागा, आणि नेताना व परत देताना मीटरचा फोटो काढा.